हेवी काढलं, पण हातात गाडी कोण देणार?

हायवेला पुढच्या ट्रकच्या फाळक्यावर पूर्वी शेर लिहिलेला असायचा, नाहीतर आईची कृपा. आता बऱ्याच गाड्यांवर ‘ड्रायव्हर पाहिजे’ असा कागद चिकटवलेला दिसतो, खाली मोबाइल नंबर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये देशात २२ लाख चालकांची कमतरता असल्याचं सांगितलं होतं. माझ्या भाच्याने तेवढं वाचलं आणि मला फोन केला. “मामा, हेवी लायसन्स काढतो. लगेच लागेन कुठेतरी.”

आठ-दहा महिन्यांनी त्याने खरंच हेवी काढलं. मग फाळक्यावरचे ते नंबर फिरवायला लागला. पलीकडचा प्रत्येक मालक पहिला प्रश्न एकच विचारायचा, “अनुभव किती वर्षांचा?” लायसन्सचं कुणी विचारलंसुद्धा नाही.

ड्रायव्हर मिळत नाहीत अशी ओरड आहे आणि नव्या ड्रायव्हरला मात्र कुणी उभं करत नाही. हे कोडं अनेक घरांत पडतं. ते सोडवायचं तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. लायसन्स म्हणजे सरकारने दिलेली परवानगी. हात बसणं ही दुसरी गोष्ट, आणि तिचा कागद कुठेच मिळत नाही. मालकाला तुटवडा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. लाखो रुपयांची गाडी, त्यात दुसऱ्याचा माल, आणि रात्री दोन वाजता घाटात ती एकट्याच्या हातात. किल्ली दिल्यावर आपल्याला झोप लागेल अशी माणसं त्याला कमी पडताहेत. त्यामुळे शिकण्याचा मार्ग निवडताना मी एकच कसोटी लावेन: भरलेल्या गाडीवर, शेजारी जाणकार माणूस बसलेला असताना, किती तास मिळणार आहेत?

‘हेवी’ म्हणजे कायद्याच्या भाषेत काय

आपण सर्रास ‘हेवी लायसन्स’ म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लायसन्सवर मध्यम आणि अवजड असे वेगळे वर्ग राहिले नाहीत. ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग झाला. परिवहन वाहन म्हणजे भाड्याने किंवा धंद्यासाठी माल अथवा माणसं वाहणारी गाडी. बोलण्यात मात्र हेवीच राहिलं, म्हणून इथेही तेच वापरतो.

ते थेट काढता येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर आधी हलक्या वाहनाचं लायसन्स, म्हणजे चारचाकीचं. ते हातात पडून एक वर्ष झाल्याशिवाय हेवीचं लर्निंग मिळत नाही. वय वीस पूर्ण हवं. डॉक्टरचा दाखला नमुना १-अ मध्ये लागतो आणि ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र नमुना ५ मध्ये. लर्निंग मिळाल्यावर किमान तीस दिवस थांबायचं, मग परीक्षा. लर्निंग सहा महिने चालतं. पक्कं लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचं मिळतं, आधी ते तीन वर्षांचं होतं.

आठवी पासची अटही २०१९ मध्ये गेली. गावाकडे अजून काही एजंट “आठवीचा दाखला नाही? मग वरचे पैसे लागतील” असं सांगून पोरांना घाबरवतात. त्या अटीच्या नावाने एक रुपया देऊ नका.

साडेसात टनांची रेघ

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी एक निकाल दिला. बातम्यांत तो विमा कंपन्यांच्या अंगाने आला, त्यामुळे नव्या ड्रायव्हरच्या कामाचा भाग फारसा कुणी सांगितला नाही.

वाद असा होता. एखाद्याकडे नुसतं हलक्या वाहनाचं लायसन्स आहे आणि तो छोटा मालवाहू टेम्पो चालवतो. टेम्पो धंद्याचा, म्हणजे परिवहन वाहन. मग त्याला परिवहनचा वेगळा शेरा हवा की नको? अपघातानंतर विमा कंपन्या नेमका हाच मुद्दा काढून भरपाईतून अंग काढून घेऊ पाहायच्या. न्यायालयाने सांगितलं, गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरे, वेगळा शेरा नको. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक तिला मंजूर असलेला पूर्ण माल. हा आकडा आरसी बुकात असतो. धोकादायक माल आणि ई-रिक्षा यांचे खास नियम मात्र आहेत तसेच आहेत.

नवख्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हेवी मिळायच्या आधीचं सक्तीचं वर्ष वाया घालवायची गरज नाही. छोटा हत्ती, पिकअप, मग सहा-सात टनांचा टेम्पो, असं कायदेशीरपणे चालवत वजनाच्या पायऱ्या चढता येतात. बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत पिकअप लावणं, माल मोजून उतरवणं, पावतीवर सही-शिक्का घेणं, उशीर झाला की पार्टीची बोलणी खाणं, हे सगळं ट्रकच्या धंद्याचंच शिक्षण आहे. वर्षभर पिकअप मारलेला पोरगा आणि वर्षभर घरी बसून वाट पाहिलेला पोरगा हेवी काढायला एकाच दिवशी जातील. मालक फोनवर दोन मिनिटांत दोघांतला फरक ओळखेल.

रिकामी गाडी आणि भरलेली गाडी

“चारचाकी येते ना, मग ट्रक काय, मोठी चारचाकी!” हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे हे बावीस मीटर सगळ्यांचेच जातात. कारमध्ये पाय पडला की तेलाच्या दाबाने ब्रेक लागलीच धरतो. ट्रकमध्ये ब्रेक हवेवर चालतो. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा दाबून भरतो आणि पेडल दाबलं की ती हवा नळ्यांतून चाकांपर्यंत जाते. त्यात सुमारे अर्धा सेकंद जातो. अर्ध्या सेकंदात आणखी अकरा मीटर. गाडीने वेग कमी करायला अजून सुरुवातही केलेली नाही.

आता वजन. दहा चाकी ट्रकला २०१८ पासून माल धरून २८.५ टनांपर्यंत परवानगी आहे. साधी कार टन-दीड टनाची. घाटात हा फरक कसा अंगावर येतो ते पाहा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना रस्ता उंचीने जवळजवळ ५०० मीटर खाली येतो. साडेअठ्ठावीस टन एवढं खाली आणायचं तर जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात दोनशे लिटरची दोन पिंपं भरून पाणी उकळेल आणि वर थोडी उरेल. ती जिरणार कुठे? इंजिनात, नाहीतर ब्रेकच्या लायनरमध्ये, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासून धरणाऱ्या पट्टीत. सगळी लायनरवर टाकली तर लायनर तापतो, जळका वास येतो आणि पुढे तो ड्रमला धरेनासा होतो. टाकीत हवा भरपूर असते, पेडल नीट दबतं, पण गाडी थांबत नाही. बातमीत ज्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात ते पुष्कळदा हे असतं. त्यात काही तुटलेलं नसतं, ब्रेक नुसते शिजलेले असतात.

म्हणून जुने उस्ताद सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना मागे ओढून धरतं. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. पाण्याची घागर घेऊन पायऱ्या उतरताना आपण प्रत्येक पावलाला गुडघ्यात भार घेतो, धावत सुटून शेवटच्या पायरीवर थांबायला जात नाही. तसंच हे.

याउलट वाईट सवयही उस्तादाकडूनच येते. उतारावर गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचं, चार पैशांचं डिझेल वाचवायला. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथपर्यंत सलग उतार आहे. प्राथमिक तपासात आलं ते हेच, की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा कमी होते आणि नवी भरत नाही. स्टिअरिंग जड होतं. गाडीने एकदा वेग धरला की ती खालच्या गिअरमध्ये पुन्हा बसत नाही.

वळणाचं आणि रिव्हर्सचं शास्त्र तर निराळंच. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेने येत नाहीत, आत कापत येतात. म्हणून वळताना आधी बाहेर जावं लागतं. नेमकी तेव्हाच डावीकडे जागा दिसली म्हणून दुचाकीवाला आत घुसतो आणि तिथलं आरशात नीट दिसत नाही. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं. उसाची ट्रॉली ज्याने कारखान्याच्या गव्हाणीवर मागे लावली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरवाल्या घरातली पोरं या एका बाबतीत शहरातल्यांच्या पुढे असतात.

यातलं काहीही रिकाम्या ट्रकवर, सपाट मैदानात शिकता येत नाही. तेवढं धरून आता मार्ग पाहू.

तीस दिवस, पंधरा तास

सगळ्यांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे गावातलं ड्रायव्हिंग स्कूल. केंद्रीय नियमांप्रमाणे परिवहन वाहनाचं प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान पंधरा तास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण बहुतेकांना तो माहीतच नसतो.

भाच्याचं काय झालं? शाळेचं नाव सांगत नाही. मैदानात एक जुना सहा चाकी, रिकामा. सकाळी आठ जण जमायचे. प्रत्येकाला दोन फेऱ्या, तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. उरलेला वेळ कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या पाहायच्या. मी त्याला महिन्याचा हिशेब मांडायला लावला, तर स्टिअरिंगवरचा वेळ चार तासांच्या आसपास भरला. प्रमाणपत्रावर मात्र तीस दिवस व्यवस्थित होते. सगळ्याच शाळा अशा नसतात. चांगली शाळा ओळखायची सोपी खूण म्हणजे फी भरण्याआधी एक सकाळ तिथे जाऊन उभं राहायचं आणि एका पोराला किती मिनिटं स्टिअरिंग मिळतं ते घड्याळ लावून मोजायचं. “भरलेली गाडी देता का? घाटात नेता का? रात्री?” हेही विचारायचं. पहिल्या प्रश्नाला मालक हसला तर उत्तर मिळालं.

मान्यताप्राप्त केंद्रं

दुसरा मार्ग तुलनेने नवा आहे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. अशा केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, थोडा वर्गात आणि बाकीचा प्रत्यक्ष. सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी मार्ग असणं बंधनकारक आहे. सिम्युलेटर म्हणजे ट्रकच्या केबिनसारखी खोली, समोर पडद्यावर रस्ता. इथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. लायसन्स मात्र आरटीओच देतं.

सिम्युलेटरला “व्हिडिओ गेम” म्हणून नाकं मुरडणारे भेटतील. मी तसं म्हणणार नाही. पुढचं टायर फुटलं, पावसात गाडी घसरली, उतारावर ब्रेक तापले, हे प्रसंग खऱ्या गाडीवर मुद्दाम घडवून आणता येत नाहीत. तिथे येतात. पण खोलीत चुकलं तर पोटात गोळा येत नाही, आणि तो गोळाही शिक्षणाचा भाग असतो. म्हणून हे केंद्र उत्तम पाया देतं. पुढचे काही महिने कुणाच्या तरी शेजारी बसावंच लागतं.

“आमच्या वेळी सगळे क्लीनरच होते”

हा आक्षेप घरातल्या जुन्या ड्रायव्हरकडून येणार, आणि त्यात तथ्य आहे. क्लीनर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखाली, दोन वर्षं काढलेल्या माणसाला जे येतं ते कुठल्या केंद्रात शिकवत नाहीत. ताडपत्री वाऱ्यावर फडफडू नये म्हणून रस्सा कुठून फिरवायचा. हातोडीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची. वजनकाट्यावर आकडा जास्त निघाला तर कुणाशी आणि कसं बोलायचं. चढावर गाडी थांबली की उतरून चाकाखाली लाकडी ठोकळा लावायला किती सेकंद मिळतात.

तोटेही तितकेच खरे. उस्ताद चांगला तर शिष्य चांगला. उस्ताद उतारावर न्यूट्रल मारणारा असेल तर तीच विद्या पुढे जाते आणि शिष्याला ती हुशारी वाटते. शिवाय रात्री रस्ता मोकळा बघून क्लीनरच्या हाती स्टिअरिंग देणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात धोक्याचा वर्ग. लर्निंग नसलेल्या पोराच्या हातून काही झालं तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. चालवणाऱ्याला पाच हजार दंड, आणि गाडी दिली म्हणून मालकालाही वेगळा पाच हजार. भरपाईचा आकडा याच्या पुढे कितीही जाऊ शकतो.

तोडगा सोपा आहे. क्लीनर म्हणून चढा, पण हेवीचं लर्निंग खिशात ठेवून. लाल ‘एल’ची पाटी लावायची आणि शेजारी त्या गाडीचं वैध लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा. मग तेच शिक्षण नियमात बसतं. विम्याचे कागदही आधी मालकाकडून पाहून घ्यावेत. मला विचाराल तर केंद्राचे ३८ तास आणि त्यानंतर चांगल्या उस्तादाच्या शेजारी सहा महिने, ही जोडी सगळ्यात भक्कम. निम्मा पगार घेऊन सहा महिने काढणं पोरांना नको वाटतं, हेही माहीत आहे.

कंपनीने शिकवलं तर?

मोठ्या वाहतूक कंपन्या आणि गाड्या बनवणारे कारखानेही प्रशिक्षण चालवतात. नामक्कलला अशोक लेलँडची संस्था १९९५ पासून आहे. खर्च कंपनीचा, वर थोडा भत्ताही मिळू शकतो, पण बहुधा एक करार असतो: इतकी वर्षं आमच्याकडेच चालवायचं, मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरायचा. यात गैर काही नाही, फक्त तो खर्च किती हे आकड्यात लिहिलेलं हवं आणि वर्षागणिक कमी होणारं हवं. कोऱ्या कागदावर सही नको. मूळ लायसन्स “ऑफिसला जमा” करायचं नाही. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना चालतं, म्हणून मूळ कागद घरी कपाटात ठेवून द्या.

पहिली नोकरी पगारावर ठरवू नका

पहिल्या वर्षी मी ठरलेल्या रस्त्याची गाडी शोधेन. एमआयडीसी ते बंदर, डेपो ते पेट्रोल पंप, दूध संघाची गाडी, असं काही. एकच रस्ता पन्नास वेळा केला की कुठल्या वळणावर खडी असते आणि कुठल्या टोलनाक्यावर लेन अरुंद आहे हे डोक्यात बसतं, मग लक्ष गाडी शिकण्याकडे देता येतं. टँकर मोहात पाडतात, कारण पैसे बरे मिळतात. पण पेट्रोल-गॅससारख्या धोकादायक मालासाठी वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते, ती फक्त तीन वर्षं चालते. शिवाय अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये पातळ माल डचमळतो आणि वळणावर गाडीला बाहेर ढकलतो. पहिल्या वर्षाचं ते काम नव्हे.

पगार ठरवताना महिन्याचा किती यापेक्षा कापाकापी कशाची हे विचारा. फेरीवर पैसे असतील तर फॅक्टरीच्या गेटवर दोन दिवस गाडी उभी राहिली त्याचं काय? डिझेलचा ॲव्हरेज कुणी ठरवला, भरलेल्या गाडीचा की रिकाम्या? ओव्हरलोडचा दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. गाडी जास्त भरायला मालक सांगतो, पण काट्यावर उभा ड्रायव्हर असतो. तो दंड कुणाच्या खिशातून जाणार हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. आणि उचल जपून घ्यावी. सणाला घेतलेली मोठी उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही, मग मालक म्हणेल त्या वजनाला आणि म्हणेल त्या वेळेला गाडी काढावी लागते.

वेळेवरून आठवलं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास घालून दिले होते, आणि पाच तास सलग काम झालं की अर्धा तास विश्रांती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. लांब पल्ल्याला हे किती पाळलं जातं ते रात्रीच्या ढाब्यावर कुणालाही विचारा. तरीही मुलाखतीला जाताना आकडा माहीत असावा. “पुणे-दिल्ली किती दिवसांत पोहोचवायची?” या प्रश्नाच्या उत्तरावरून मालक कळतो.

अपघात झाला तर दहा वर्षं आत?

जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपामुळे ही भीती घराघरांत गेली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चे दोन भाग आहेत. पहिला: निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. दुसरा: बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवला आणि पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत. संप या दुसऱ्या भागावर झाला. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली तेव्हा हा भाग वगळून लागू झाला.

ड्रायव्हर लोकांचं म्हणणं असतं, “थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो.” ही भीती खोटी नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये याचा विचार आधीपासून आहे. जखमीला मदत मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य, मात्र जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर त्याला अपवाद आहे, आणि हा शब्द कायद्यातच लिहिलेला आहे. अशा वेळी तिथून निघून जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, कळवायचं. ११२ ला फोन लावला तर वेळेची नोंदही राहते. जीव वाचवायला निघणं आणि कायमचं पसार होणं यांत फरक करता येतो तो अशा नोंदीमुळे.

दारूबद्दल एकच ओळ: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, मग अपघात झालेला असो वा नसो.

“ऑटोमॅटिक आल्यावर शिकायचं काय?”

क्लचचं पेडल नसलेले ट्रक आलेत आणि वाढतील. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसीही सक्तीचा झाला आहे. काम सुसह्य होईल, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण पन्नास अंशांच्या केबिनमधून माणूस सुटला तरी गाडी साडेअठ्ठावीस टनांचीच राहते आणि खंडाळ्याचा उतार तेवढाच. ऑटोमॅटिक गाडी गिअर स्वतः बदलते. पुढे घाट आहे, आताच वेग कमी करायला हवा, हे बहुतेक गाड्यांमध्ये अजून माणसालाच ठरवावं लागतं.

मग स्वतःचीच गाडी घेऊ का?

भाच्याचा पुढचा फोन हाच होता. नोकरी मिळत नाही, तर कर्ज काढून गाडी. फायनान्सवाले दारात उभेच असतात.

ट्रक घेणं म्हणजे दुकान टाकणं आहे. त्यात ड्रायव्हरचं काम हा एक भाग, तोही सोपा. बाकी भाडं शोधणं, रिटर्न भाडं मिळेपर्यंत परमुलखात थांबणं, पार्टीकडे थकलेले पैसे मागणं, टायर, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट. गाडी चालली नाही तरी हप्ता चालतो. हात न बसलेल्या माणसाने हे अंगावर घेतलं तर पहिल्या सहा महिन्यांतली एक चुकीची रिव्हर्स आणि एक तुटलेला एक्सल पुरेसा होतो.

सध्या तो एका टेम्पोवर आहे, सात टनांच्या आतल्या. शेतमाल घेऊन रात्री निघतो, पहाटे मार्केट यार्डात. आठवड्यातून दोन दिवस मालकाच्या दहा चाकीवर जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसतो आणि सपाटीला तासभर स्टिअरिंग मिळतं. परवा म्हणाला, अजून घाटात देत नाहीत. मी विचारलं, “घाट आला की तू काय करतोस?” तर म्हणाला, उस्ताद कुठे कुठला गिअर टाकतो ते वहीत लिहून ठेवतो.